पहिल्या फेरीतला हात

जो माणूस माझ्या बाजूचा होता त्यानेच माझ्याविरुद्ध हात वर केला. मेलबर्नच्या डँडेनॉन्गमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये, भर दुपारी, सगळ्या समाजासमोर. त्याला दोन वर्षं होऊन गेली. लोक म्हणतात, सोडून दे. मी टाइल्स विकतो. फुटकी टाइल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी कधी 'सोडून द्या' म्हटलं नाही, बदलून दिली. मला कोणी काय बदलून दिलं?

त्या माणसाला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. मूळचे नागपूरचे. डँडेनॉन्गला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि त्यांच्या घरातल्या मागच्या खोल्या आमच्यासारख्या स्टुडंट पोरांना भाड्याने दिलेल्या होत्या. मी तेव्हा कुकरीच्या कोर्सला होतो, आणि कॉलेज सुटलं की टाइल्सच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलायचो. बॅग खाली ठेवण्याआधीच मी भाड्यावरून घासाघीस सुरू केली. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, भाडं काही कमी केलं नाही, पण खुशीत म्हणाले, "चांगला भांडतोस. शनिवारी उपयोगी पडेल."

शनिवारी संध्याकाळी त्या घरात सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं आणि काय शिजवायचं ते मतदानाने ठरायचं. मतदान म्हणजे उभं राहायचं. फ्रिजजवळ चिकन, खिडकीजवळ अंडाकरी. तिसरं काही हवं असेल तर तिसरा कोपरा धरायचा. मी आपला वॉशिंग मशीनजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, वरण-भात. आठवडाभर ब्रेड खाऊन माझ्या पोटाचं वाटोळं झालं होतं. आम्ही सहा भाडेकरू आणि भाऊ, असे सात जण. तिघे फ्रिजला, तिघे खिडकीला, मी एकटा.

"सातात एक म्हणजे चौदा टक्के," भाऊ म्हणाले. "रेषा पंधराला आहे. वरण-भात बाद."

"एका टक्क्याने?"

"एका टक्क्याने."

मी थक्क झालो. देश बदलला, भाषा बदलली ते ठीक, पण माणसाला वरण-भातही टक्केवारीने नाकारतात हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मी तावातावाने खोलीकडे निघालो तर भाऊंनी हाताला धरून थांबवलं. "कुठे चाललास? तुझी वेळ तर आत्ता सुरू झाली. पाच मिनिटं आहेत. तू ज्या कोपऱ्यात जाशील तो जिंकेल."

मग मला दिसलं की दोन्ही कोपरे माझ्याकडे बघतायत. खिडकीजवळून नागसेन ओरडला, "ये रे इकडे, अंडी तुला दोन." फ्रिजवाल्यांनी लेगपीस देऊ केला. मी थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणालो, अंडाकरीला येतो, पण सोबत वरण लागेल, आणि भात मऊ. नागसेनने लगेच मान हलवली. म्हणजे मी हरलो आणि वरण-भात जेवलो.

"बाद झालेला माणूस पाच मिनिटं सगळ्यात महाग असतो," भाऊ जेवताना म्हणाले. "सहाव्या मिनिटाला त्याला कोणी विचारत नाही."

माझा आजचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे, हे मी कबूल करतो. त्यासाठी भाऊंचे आभार मानायची माझी तयारी आहे. बाकी कशासाठी नाही.

"हे काय होतं पण?" मी नागसेनला भांडी घासताना विचारलं.

"आयोवा," तो म्हणाला, जणू काही मी वेळ विचारली होती.

आयोवा म्हणजे अमेरिकेतलं एक राज्य, जिथे पक्षाचा उमेदवार असा कोपऱ्यांत उभं राहून निवडायचे. भाऊंना अमेरिकेच्या प्रायमऱ्यांचं वेड होतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं नाही, त्यात त्यांना फारसा रस नव्हता. उमेदवार कसा ठरतो, एवढंच. कोण जिंकावं असंही त्यांचं काही नसायचं. ते अमेरिकेला कधी गेले नव्हते आणि जायची इच्छाही नव्हती. तिकडे मंगळवारी रात्री मतं मोजतात तेव्हा आपल्याकडे बुधवारची दुपार असते, म्हणून प्रायमऱ्यांच्या मोसमात भाऊ बुधवारची रजा टाकायचे. एकदा त्यांचा मॅनेजर म्हणाला होता, "मेट, तू तो देश पाहिला तरी आहेस का?" भाऊ म्हणाले, "तू चंद्रावर गेलायस? तरी पौर्णिमेला वर बघतोस ना?"

बुधवारी डायनिंग टेबलावर कडधान्यं निघायची. राजमा एका उमेदवाराचा, छोले दुसऱ्याचे, वाटाणे तिसऱ्याचे. एक दाणा म्हणजे एक डेलिगेट. डेलिगेट म्हणजे त्या राज्याने पक्षाच्या मोठ्या अधिवेशनात पाठवायचा माणूस, आणि ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट तो उमेदवार. निकाल येत जाईल तसे भाऊ दाणे सरकवायचे. एखादा पंधरा टक्क्यांच्या खाली गेला की त्याचे दाणे परत बरणीत. वाटाणे बाद झाले की वहिनींना बरं वाटायचं, कारण ते सगळे डेलिगेट रात्री एकत्र भिजत पडायचे आणि गुरुवारी त्यांची उसळ व्हायची, आणि वाटाण्यांचा लगदा होतो.

वहिनी एका वृद्धाश्रमात नर्स होत्या. शनिवारच्या मतदानात त्या पहिल्या फेरीला कधीच उभ्या राहायच्या नाहीत. अडलं तरच. "घरातली सुपरडेलिगेट," भाऊ म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "सुपर कसली, मला भाजी चिरायची असते." पण त्या टॉवेलला हात पुसत कुठल्या कोपऱ्याकडे निघाल्या हे बघायला सगळे श्वास रोखून उभे राहायचे.

मला एकदा भाऊंनी समजावलं होतं. "तिकडे दोन पक्ष म्हणजे दोन दुकानं आहेत. एका दुकानात सगळीकडे माल तोलून वाटतात, जेवढी मतं तेवढे डेलिगेट, फक्त पंधरा टक्क्यांच्या आतल्याला भोपळा. दुसऱ्या दुकानात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही ठिकाणी वाटणी, काही ठिकाणी जो पहिला त्याला अख्खं पोतं."

"दुसरं दुकान बरं," मी म्हणालो.

"तुला बरंच वाटणार. तू रागीट आहेस."

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. चार जागांच्या गावात जिंकून हाती काही लागत नाही, एका जागेच्या गावात जा. मला वाटायचं, हे अमेरिकेबद्दल आहे.

ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीला ते निमूटपणे जायचे. "इथे मत न देणाऱ्याला दंड आणि देणाऱ्याला केंद्राबाहेर सॉसेज," म्हणायचे. "आणि पंतप्रधान त्याचेच खासदार बंद खोलीत बदलतात. तिकडे बघ, ज्याला मोठं व्हायचंय त्याला आधी बर्फात लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात उभं राहावं लागतं. माझी एवढीच अट आहे. अध्यक्ष व्हायचंय ना, मग आधी कुणाच्या तरी ओट्याजवळ उभा राहा."

आता माझं दुखणं सांगतो.

इथल्या आपल्या बौद्ध मराठी लोकांची एक समिती आहे. नाव सांगत नाही. एप्रिलमधली जयंती, पौर्णिमेची वंदना, नवीन आलेल्या पोरांना खोली बघून देणं, असं सगळं ती करते. मी तिच्यात पहिल्यापासून आहे. गोडाऊनमध्ये खोकी उचलायचो तेव्हा होतो, स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा होतो, शहराच्या उत्तरेला क्रेगीबर्नला नवीन घरं उठायला लागली आणि दुसरं दुकान टाकलं तेव्हाही होतो. इतक्या वर्षांत स्टेजवर मी फक्त खुर्च्या लावायला चढलो. इंजिनिअर बोलले, डॉक्टर बोलले, पीएचडीवाले बोलले, आणि माझं नाव शेवटी आभारात, साउंड सिस्टिमवाल्याच्या आधी. मला एकदा अध्यक्ष व्हायचं होतं. एका जयंतीला त्या खुर्चीत बसायचं होतं जी मी स्वतः लावायचो. यात लपवण्यासारखं काही नाही.

पूर्वी अध्यक्ष चार वडीलधाऱ्यांच्या चहावर ठरायचा. मग बोंब सुरू झाली. डँडेनॉन्गवाले म्हणायला लागले, क्रेगीबर्नवाले गर्दी करून सगळं नेतात. तिकडे पश्चिमेला कालगुर्लीच्या खाणीत आणि हॉस्पिटलात आपली मोजून सात माणसं, त्यांनी कळवलं की आम्हाला कोणी विचारतच नाही तर आम्ही समितीत कशाला राहू. समिती फुटायच्या बेताला आली. तेव्हा भाऊ उठले आणि म्हणाले, माझ्याकडे एक पद्धत आहे. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांच्या घरी भाड्याने दिवस काढले होते. ते सगळे एकदम हसले. मीच हसलो नाही. मला पद्धत माहीत होती, मी तिच्यात वरण-भात जिंकला होता.

ठरलं असं. क्रेगीबर्नला चार डेलिगेट, डँडेनॉन्गला चार, कालगुर्लीला एक. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिवशी सभा. लोकांनी कोपऱ्यात उभं राहायचं, माणसं मोजायची आणि त्या प्रमाणात डेलिगेट वाटायचे. मी तिथेच म्हणालो, वाटणी नको, जो जिंकेल त्याला गावातले सगळे द्या. मतदान झालं, माझी सूचना पडली.

पुढचा नियम भाऊंचा खास. डेलिगेट कोण, हे उमेदवाराने ठरवायचं नाही. "उमेदवाराला निवडू दिलं तर तो मेहुणे निवडतो," ते म्हणाले. सभेला आलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. ज्याच्या वाट्याला तुमची चिठ्ठी निघेल, त्याला अंतिम सभेच्या पहिल्या फेरीत तुम्ही बांधलेले. तुम्ही स्वतः कुठल्याही कोपऱ्यात उभे राहिलेले असा. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही, तर दुसऱ्या फेरीत सगळे मोकळे. "तिकडेही काही राज्यांत असंच होतं," भाऊ म्हणाले. "मन एकाकडे, हात दुसऱ्याकडे."

उमेदवार दोनच. मी आणि डॉक्टर ताई. ताईंबद्दल मला वाईट बोलायचं नाही. जीपी आहेत, चांगल्या आहेत, आणि लोकांना त्या आवडतात, कारण लोकांना ताप येतो. टाइल्स रोज कोणाला लागत नाहीत.

पहिली सभा क्रेगीबर्नला, माझ्या घरच्या मैदानावर. शनिवार होता. मी घरोघरी फिरलो होतो, म्हाताऱ्यांना गाडीतून आणलं. पन्नास माणसं आली. तीस माझ्या कोपऱ्यात, वीस ताईंच्या. माझ्या बाजूने शिट्ट्या वाजल्या. भाऊ मोजणीला डँडेनॉन्गहून आले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दोन-दोन."

"काय दोन-दोन?"

"डेलिगेट. तुझे दोन, ताईंचे दोन."

"भाऊ, तिकडे बघा. तीस माणसं आहेत."

"साठ टक्के. चार जागांत तीन घ्यायच्या तर साडेबासष्टच्या वर जावं लागतं. चारातले साठ टक्के म्हणजे दोन पूर्णांक चार. ताईंचे एक पूर्णांक सहा. उरलेली जागा मोठ्या तुकड्याला जाते. सहा मोठा की चार?"

माझ्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. दहा माणसांनी पुढे होतो आणि बरोबरी. "किती कमी पडले?" मी विचारलं.

"चार माणसं. चौतीस असती तर तीन-एक."

माझी चार माणसं त्या वेळी माझ्या दोन्ही दुकानांच्या काउंटरवर उभी होती. शनिवारी गिऱ्हाईक असतं, दुकान कोण बंद ठेवतं? "हे आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलो. भाऊ म्हणाले, "इतकी वर्षं उसळ खाताना काय सांगत होतो?"

कालगुर्लीची सभा पुढच्या आठवड्यात. सात माणसं, एक डेलिगेट. पर्थपर्यंत विमान, तिथून दुसरं विमान. मी व्हिडिओ कॉल केला. नंतर कळलं की माझा चेहरा पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि मधूनमधून पडत होता. डॉक्टर ताई स्वतः गेल्या होत्या. त्या घरातल्या ओट्याजवळ उभ्या राहून त्यांनी भाकऱ्या थापल्या म्हणे. पाच जण त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. डेलिगेट त्यांचा.

डँडेनॉन्गला चाळीस माणसं. एकोणीस माझ्याकडे, एकवीस ताईंकडे. पुन्हा दोन-दोन. पण त्या दिवशी भाऊ आणि वहिनी दोघंही येऊन माझ्या कोपऱ्यात उभे राहिले. भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा रागीट आहे, पण याने खुर्च्या लावल्यात. खुर्च्या लावणाऱ्याला माहीत असतं की किती माणसं आली." हे ऐकून मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही.

मग चिठ्ठ्या निघाल्या. पहिली चिठ्ठी ताईंच्या वाट्याची. नाव भाऊंचं.

हॉल हसला. मीही हसलो. घरी जाताना मी हिशोब केला. कागदावर ताई पाच, मी चार. पण त्यांच्या पाचांत एक भाऊ, माझा माणूस. मी जिंकलो होतो.

अंतिम सभेच्या आदल्या दिवशी मी भाऊंना डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर, आपल्या भारतीय दुकानांच्या गल्लीत, चहाला बोलावलं. उगाच. हो म्हणून घ्यायला.

"भाऊ, तुम्ही माझ्या कोपऱ्यात उभे होता."

"होतो. उद्या परत मोजलं तर परत उभा राहीन."

"मग झालं तर. हात माझ्यासाठी वर करा."

"नाही. पहिल्या फेरीत माझा हात माझा नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. घासाघिशीत पहिला नकार मी मोजत नाही. "बरं, माझ्यासाठी नको. कोणासाठीच करू नका. घरी राहा."

"घरी राहणं म्हणजे हात फिरवणंच."

"माणसाला सर्दी होते, भाऊ."

"मला होत नाही."

"बाथरूमला तर जाता ना? नाव पुकारतील तेव्हा बाथरूममध्ये असा. चार-चार होईल, दुसरी फेरी लागेल, दुसऱ्या फेरीत तुम्ही मोकळे. नियमही मोडला नाही."

भाऊ मनापासून हसले. "वरण-भातवाल्या," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "नागसेन कोणाचा?"

नागसेन, माझा जुना रूममेट, आता क्रेगीबर्नला माझ्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सभेत तो ताईंच्या कोपऱ्यात उभा राहिला होता, त्याची बायको त्यांच्या क्लिनिकमध्ये आहे. पण त्याची चिठ्ठी माझ्या वाट्याला निघाली होती.

"तो माझा," मी म्हणालो. "तो बांधलेला आहे."

भाऊंनी प्लेट पुढे ओढली. समोसा अर्धा केला आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

"ती गोष्ट वेगळी," मी म्हणालो.

"खा," भाऊ म्हणाले. "गार होईल."

दुसऱ्या दिवशी नावं पुकारली. नागसेनने माझ्यासाठी हात वर केला आणि खाली बघितलं. भाऊंनी ताईंसाठी हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ना लाज, ना माफी. कारखान्यात एखादा भाग तपासून बाजूला ठेवावा तसा तो हात वर गेला आणि खाली आला. पाच-चार. सगळ्या गावांची माणसं मिळवली तर माझ्याकडे एक्कावन्न होती आणि ताईंकडे सेहेचाळीस. माझी मुलगी गाडीत म्हणाली, "डॅड, यू गॉट मोर वोट्स अँड यू लॉस्ट. दॅट्स सो अमेरिकन." मी तिला म्हणालो, सीटबेल्ट लाव.

त्याआधी, हॉलमध्येच, डॉक्टर ताई माझ्याजवळ आल्या होत्या. "दादा, जयंतीच्या खुर्च्यांचं तुम्हीच बघाल ना?" अगदी आपलेपणाने विचारलं. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या घरी भांडायला गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून बाजूला झाल्या. "एकदा माझ्या कोपऱ्यात, एकदा तिच्या बाजूला," मी म्हणालो. "तुम्हाला काही वाटतं की नाही? माझं ऐकून जिंकेल त्याला सगळे ठेवले असते, तर क्रेगीबर्नचे चारही माझे होते."

भाऊंनी बरणी आणली. टेबलावर चार राजमे माझ्यापुढे ठेवले. "हे तुझं क्रेगीबर्न. अख्खं." मग चार छोले पलीकडे. "हे डँडेनॉन्ग. दोन माणसांनी का होईना, ताई जिंकल्या. अख्खं त्यांचं." मग एक छोला. "कालगुर्ली."

चार आणि पाच.

मी ते दाणे पुन्हा मोजले. मी भाव करून माणसं आडवी केलीत, पण टेबलावरचे नऊ दाणे माझ्याकडून काही हलेनात. माझ्या नियमानेही मी तेवढ्यानेच हरत होतो. हा धक्का मला आदल्या दिवशीच्या हातापेक्षा मोठा होता, कारण हातावर निदान चिडता तरी येत होतं.

"तू हरलास तो कालगुर्लीत," भाऊ म्हणाले. "पोळ्यांच्या डब्यावर."

वहिनींनी दाणे गोळा केले, त्यात आणखी ओंजळभर टाकले आणि पातेल्यात पाणी ओतलं. "उद्या ये जेवायला," त्या म्हणाल्या.

मी गेलो नाही. तेव्हापासून बोलणंच बंद केलं.

मध्यंतरी नागसेन दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊंनी घर विकलं. कालगुर्लीला गेले."

मी मोजपट्टी काउंटरवर ठेवली. ज्या घरात निम्मा समाज जेवला ते घर विकून त्या लाल मातीत, उतारवयात? "का?"

"सून तिथल्या हॉस्पिटलात लागलीय, असं भाऊ सांगतात. वहिनी म्हणतात, तो बहाणा आहे. इथे चाळीसात एक होतो, तिथे सातात एक असेन, असं म्हणाले म्हणे त्यांना."

तिथली तीन माणसं पर्थला गेली होती, म्हणून भाऊ, वहिनी आणि सून धरून आकडा पुन्हा सातच.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. पुन्हा मी, पुन्हा डॉक्टर ताई. क्रेगीबर्नच्या सभेला मी दोन्ही दुकानं बंद ठेवली, पण ताईंनीही या वेळी माणसं आणली. दोन-दोन. डँडेनॉन्गला दोन-दोन. राहिली कालगुर्ली. मी तिकीट काढलं. पर्थहून पुढच्या विमानात माझ्या बाजूला खाणीतला एक माणूस झोपला होता, मी फॉस्टर स्ट्रीटचे पेढे मांडीवर धरून बसलो होतो.

सभा भाऊंच्याच स्वयंपाकघरात. ताई आदल्या दिवशी येऊन गेल्या होत्या. मला बघून भाऊ म्हणाले, "आलास," आणि पेढा तोंडात टाकून थेट फ्रिजजवळ, ताईंच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"भाऊ?" माझ्या तोंडून निघालं.

"दोन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस," ते म्हणाले. "एका हातासाठी एवढा राग धरतोस. अध्यक्षाला तो परवडत नाही. पण इथवर आलास, हे बरं केलंस."

मी मग ओट्याजवळ उभा राहून बोललो. काय बोललो ते आठवत नाही. खुर्च्यांबद्दल काहीतरी. तिघे फ्रिजजवळ, तिघे खिडकीजवळ माझ्याकडे. वहिनी कांदा चिरत होत्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी सुरी ठेवली, टॉवेलला हात पुसले आणि सावकाश माझ्याकडे आल्या.

"हा माझ्या घरी पहिल्या शनिवारी वरण-भात मागत होता," त्या म्हणाल्या. "एकटा उभा होता."

चार-तीन. मग सुनेने डब्यातून एक चिठ्ठी काढली, वाचली आणि सासऱ्यांकडे बघून हसू दाबलं. माझ्या वाट्याचा डेलिगेट म्हणून भाऊंचंच नाव निघालं होतं.

मला हसू आलं नाही. पाच-चार, आणि पाचवा पुन्हा हाच माणूस, या वेळी सगळ्यांदेखत माझ्याविरुद्ध उभा राहिलेला. दारापर्यंत ते सोडायला आले. "राग गेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नो वरीज," भाऊ म्हणाले. "विमान चुकवू नकोस."

अंतिम सभा उद्या आहे. आठवडाभर मी फोनवर आहे. ताईंचे चार झाले, माझे चार झाले. कोणाला गोड बोललो, कोणाला जुन्या उपकारांची आठवण दिली, एकाला तर सर्दीचाही सल्ला दिला. आज सकाळी दुकान उघडताना नागसेन आला. तो या वेळी खरोखरच माझ्या कोपऱ्यात होता, त्यामुळे जास्तच घाबरलेला होता.

"सगळ्यांना फोन झाले?"

"आठ जणांना झाले."

"आणि भाऊंना?"

"नाही केला."

"अरे, ते तर तुझ्याविरुद्ध उभे होते."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि शटर वर केलं.